नानाकाकांची लखलखीत तलवार

तलवार म्हणलं की मला आमचे नानाकाका आठवतात. बोरीला गावच्या घरातलं धान्य साठवायचं जुनं बळद पाडताना त्यांना एक गंजलेली तलवार सापडली. ती दाखवायला मी परभणीहून माझ्या इतिहासाच्या सरांना बोरीला घेऊन गेलो. सरांनी पात्यावर एका जागी तेलाचा बोळा हळूहळू फिरवला, तर गंजाखालून सोन्याच्या तारेची दोन अक्षरं दिसायली.

"नानासाहेब, हे कुणाचं तरी नाव आहे," सर म्हणाले. "बाकीचा गंज मी येऊन काढतो. तोवर हात लावू नका."

तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली होऊन एसट्या बंद पडल्या आन सरांचं येणं लांबलं. इकडं काकांच्या जिवाला चैन न्हाई. एवढा शिकलेला पाव्हणा आपल्या दारात गंज घासत बसणार, हे त्यांना लय वंगाळ वाटायलं. शेवटी तलवार घेऊन ते लोहाराकडं गेले. त्यानं अख्खं पातं साणेवर धरलं.

सर आले तेव्हा काकांनी नव्या टॉवेलात गुंडाळलेली तलवार पुढं केली. आरशासारखी चमकत होती. अक्षरं गंजासंगच गेली होती. सरांनी ती उलटीपालटी केली आन अक्षरांच्या जागेवरून बोट फिरवून बघितलं.

"वाचा की सर," काका म्हणाले. "कुणाची हाय?"

"आता तुमचीच, नानासाहेब."

काका मरेपर्यंत दर दसऱ्याला तलवारीला हळदकुंकू वाहायचे आन आल्यागेल्याला सांगायचे, "परभणीच्या सरांनी वाचून सांगितलंय. आपलीच हाय."