पांगारखिंडीतली चावी

ऐका. आन् ज्याला मधीच उठून घरी जायाचं आसंल त्यानं आत्ताच जावं. मागनं सोबत मागाल तर मी उठनार न्हाई, सांगून ठेवतो.

वरच्या आळीचा बयाजी लोहार, गाड्या दुरुस्त करायचा, त्यो ठावा हाय न्हवं? एका रातीला जेवून हात धुतोय तवर आतेभावाचा, दौलतचा फोन. "दादा, आईला इंचू चावलाय! दवाखान्यात निघालो तर पांगारखिंडीत जीप बंद पडली. अल्टरनेटर जाम झाला, बेल्ट तुटला, इंजन तापलं. लवकर ये रं, आई डोळं पांढरं करतीया!"

त्याच आत्यानं बयाजीला पोटच्या पोरावानी वाढवल्याला. रात बघनार हुता व्हय त्यो? दुसरा अल्टरनेटर आन् बेल्ट पोत्यात घातला, मोटरसायकलला किक मारली.

खिंडीत काळाकुट्ट अंधार. रातकिडं बी गप. दौलत मागच्या सीटवर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्याला. बयाजीनं बॉनेट उघडलं. आदी बॅटरीची वायर सोडली, मग पान्याला हात लावला. उस्तादानं लावल्यालं वळन हुतं ते.

टॉर्च दातात धरून जुना अल्टरनेटर काढला, नवा बसवला. पान्यासाठी हात मागं केला, तर कुनीतरी पाना हातात दिला. बरोब्बर त्योच! ह्याला वाटलं, दौलत. नट खाली पडला, त्यो बी उचलून दिला. देनारा हात गार, बर्फावानी गार. पर ह्याच्या डोस्क्यात आत्या!

बेल्ट चढला. कानाशी दौलतचा आवाज आला, "ढिला हाय. बोट घालून बघ."

बयाजीनं बोटं घातली. आन् डायवरच्या सीटकडनं, कट्! चावी फिरली! वायर सुटल्याली हुती म्हनून बोटं वाचली.

"दौलत्या! मारतूस का मला?"

"मी मागंच हाय, दादा. आईला सोडून कुठं जाऊ?"

आता बोला! मग चावीवर कोन? कट्. कट्. कट्.

बयाजी दारापाशी गेला. सीट रिकामी. चावी उपटाया लागला, हलंना. पळावं तर आत्या जाती. वायर जोडावी तर चावी फिरवनारा टपल्याला. भैरोबाचं नाव घेतलं, हात लांब ठेवून वायर टेकवली. इंजन भडकलं! गळ्यातला मफलर बेल्टात गेला. मान खाली वढली. वढली, वढली... आन् बयाजीनं मफलरातनं डोकं काढलं. कानामागची कातडी सोलली, जीव तेवढा ऱ्हायला.

तसाच डायवरच्या त्याच सीटवर जाऊन बसला. बसावंच लागलं रं. जीप दवाखान्यात पोचली, आत्या वाचली.

त्यो कोन, सांगतो. लई वर्सांमागं त्याच खिंडीत एका ट्रकचा क्लीनर बेल्ट बघत हुता, आन् डायवरनं चावी मारली. हात गेला. रातभर एकबी गाडी थांबली न्हाई. रगात जाऊन मेला बिचारा.

आत्या शुद्धीवर आली, तिनं पयलं काय इचारलं? "बया, तुज्या शेजारी बसल्याला त्यो एका हाताचा मानूस कोन रं? वाटभर रडत हुता. मला बी दवाखान्यात न्या म्हनत हुता. दवाखान्याचं दिवं दिसल्यावर उतारला, आन् गेला की परत खिंडीकडं."

रातच्याला त्या वाटंनं जाऊ नगा, पोरांनो. कुनी बोलिवलं तरी जाऊ नगा. त्यो अजून तिथं गाडीची वाट बघतोय.