गणाजी भाऊजींचा खांदा

मंडळी, रामराम. मागच्यायनं जरा पुढं सरका. मले भाषण जमत नाही. पण माही बहीण राधा, गणाजी भाऊजींची घरवाली, म्हणे, "दादा, चार लोकांत बोल. यायच्यावरचा डाग पुसून टाक." म्हणून उभा राहिलो.

मी संशयी माणूस, हे तुमाले ठाऊकच आहे. अमरावतीच्या बाजारात मी कापूस पारखतो. कापसाले भाव आल्यापासून लोक बोऱ्यात गोटे भरून राहिले, कापूस भिजवून आणून राहिले. कोपरापर्यंत हात घातल्याबिगर मी कोणाचं खरं मानत नाही. तसाच आता तुमच्याकडं पाहून राहिलो. पाटील, तुमी आज काहून आले? भाऊजी जिते होते तवा तुमी त्याइले पारावर बसू देत नव्हते. अचलपूरच्या छावणीचे सुभेदार आले म्हणूनच आले ना? राग नका मानू. माहं तोंडच तसं आहे.

सत्तावनच्या बंडाची धामधूम सरली अन् गणाजी भाऊजी पलटणीतून घरी आले. संगं चांदीचा एक तारा, निळ्या फितीचा. म्हणे बहादुरीचा तमगा. आपल्या शिपायाले याच्याहून मोठा मान नाही. कशाचा मिळाला? विचारलं की म्हणायचे, "बैलाले विचारा." बस, इतकंच.

आता सांगा, कोण भरोसा ठेवीन? गावात चांदीचा पूर आलेला. ज्याच्या त्याच्या बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या. आपण म्हटलं, यानंही सोनाराकडून घडवून आणला. कोणी म्हणे, मेलेल्याच्या छातीवरून काढला. त्याइचा उजवा खांदा वाकडा, वर हा एवढा घट्टा. तुमी म्हणाले, लुटीची गाठोडी वाहून झाला. तुमीच काहून, मीही म्हणालो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो. लोणी-हळद लावतो अन् म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." भाऊजी बैलाचा खांदा शेकत अन् उरलेलं लोणी सोताच्या खांद्याले चोळत. दुसऱ्या दिवशी तमगा म्हाताऱ्या बैलाच्या कपाळाले बांधत. हसलो की नाही आपण? पोट धरधरून हसलो.

अन् मी काय केलं? एकदा तो तमगा गुपचूप उचलला अन् अकोल्याच्या सोनाराकडं नेला. त्यानं कानशीनं कड घासली. म्हणे, चांदी खरी आहे. मी म्हटलं, मग चोरीचा असन! पाहा, खोटा निघता तरी भाऊजी खोटे, खरा निघाला तरी भाऊजीच खोटे. परत नेऊन ठेवला. भाऊजींनी ती घासलेली कड पाहिली. मग माह्याकडं पाहिलं. म्हणाले, "जेवून जा."

मी जेवलो. लाज नाही वाटली.

भाऊजी वारल्यावर परवा हे सुभेदार आले. त्याइनं सांगतलं ते ऐका. नदीच्या गाळात तोफ फसली. समोरून गोळ्या. जोडीतला एक बैल पडला, गाडीवान पळाले. गणाजीनं पडल्या बैलाच्या जागी सोताचा खांदा जुवाखाली घातला. एकीकडं बैल, एकीकडं माणूस. तोफ काठाले लागली.

मी सुभेदारालेही सोडलं नाही. म्हटलं, तुमाले काय माहीत? तुमी कुठं होते? ते म्हणाले, "तोफेवर. पाय फुटला होता माझा. मला त्यानंच वर टाकलं होतं."

तवा मी हात घातल्याबिगर खरं मानलं. आयुष्यात पहिल्यांदा.

राधे, हा घे तमगा. ही घासलेली कड माही आहे, बाई. कोणाकडून नीट करून घेऊ नको. लोकायले दाखव अन् सांग, माह्या भावानं केलं.

भाऊजींच्या देहाले आंघोळ घालताना मी त्याइच्या खांद्याले लोणी-हळद लावली होती. तवा काहून लावली, मलेही समजलं नव्हतं. राधा म्हणाली, लाव, म्हणून लावली.

उद्या तेरावं आहे. आता सारे उठा. पाटील, पागोटं उतरवा. फक्त एवढं म्हणू द्या.

भाऊजी, आज आवतन घ्या. उद्या जेवाले या.