स्क्रूने आवळलेल्या खाटा

बायको गेल्यावर म्हातारा एकट्यासाठी घर बघायला आला होता. ज्येष्ठांच्या त्या नव्या इमारतीच्या ऑफिसात त्याच्यापुढे एक वयस्कर जोडपं होतं, नमुन्याचा फ्लॅट नुकताच बघून आलेलं.

"मॅडम, त्या दोन खाटा जमिनीला स्क्रूने का आवळल्यात?"

"सुरक्षेसाठी, काकू. सरकायला नकोत."

"मला सरकवायच्याच आहेत. एकमेकींना चिकटवायच्यात."

"अगं, घोरतो म्हणून जन्मभर मला बाहेरच्या खोलीत हाकलत होतीस!"

"तुम्ही गप्प बसा हो. मॅडम, झोपेत यांचा श्वास अडकतो. मी हात लावून हलवते, तेव्हा कुठे सुरू होतो."

"त्यासाठी उशाशी बेल आहे ना, काकू."

"श्वास अडकलेला माणूस बेल दाबणार? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"हे बघा, नियम सगळ्यांना सारखाच. मागे लोक खोळंबलेत. या काका, तुम्हाला एका खाटेचा फ्लॅट दाखवते."

म्हाताऱ्याने खुर्ची ओढली आणि त्या काकूंच्या शेजारी टेबलासमोर बसला.

"माझं राहू द्या. आधी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माणूस बोलवा आणि यांच्या खाटा सोडवा. तोवर मी इथून हलणार नाही."