फेअर कॉपी

रिफूज नाही, नेमसिंग — रिफ्यूज्ड. ओठ दाताखाली घे — हां. पोस्टमन होऊन आठ वर्षं झाली तुला, सरकारी खाकी घालतोस, आणि दारात उभं राहून रिफूज रिफूज काय करून राह्यला? कोणाचं का पाकीट असेना, शब्द तर नीट म्हण. थांब, सही देतो, पळून नाही चाललो. चष्मा सापडू दे.

तुझं एक ठीक आहे — तांड्यावर बंजाऱ्यांची गोरबोली, शाळा चौथीपर्यंत. पण आमच्या ऑफिसात बी.ए. झालेले होते, बी.ए.! एकानं रजेच्या अर्जात लिहिलं, वडील एक्सपायर झाले. अरे, बाप म्हणजे काय बंदुकीचं लायसन्स आहे? मी सुपरिंटेंडंट, तर तोंडावर मला सुप्रिटन म्हणायचे. साठ साली रिटायर होईपर्यंत माझ्या टेबलावरून एक मसुदा तांबड्या शाईशिवाय परत गेला नाही. चुका दाखवायच्या, त्यानं फेअर कॉपी करून आणायची, मगच माझी सही. माणसं रडली — पण शिकली.

आता जावयाचंच घे. बाभुळगावला मास्तर आहे. पोरीच्या, आमच्या सुचित्राच्या, लग्नाच्या पंगतीत मला म्हणतो, फूड व्हेरी टेस्टफुल. टेस्टफुल म्हणे! मी वाढप थांबवलं आणि सगळ्यांसमोर त्याला तीनदा टेस्टी म्हणायला लावलं. काय चुकलं माझं? तो हसला बिचारा. पोरगी नाही हसली — तीन वर्षं चार ओळी नाही पाठवल्या. आणि मागच्या आठवड्यात एकदम पत्र. इंग्रजीत — मला बरं वाटावं म्हणून, दुसरं काय. मुलगा झाला, गुरुवारी बारसं, बाबा, तुमच्याशिवाय पाळण्याला हात लावणार नाही.

दोन पानांत अकरा चुका, नेमसिंग. कशा सोडू? होस्टेलात होती तेव्हाही तिची पत्रं मी अशीच तपासून परत करत होतो — पाकिटाच्या जाडीवरूनच ओळखायची ती. खुणा केल्या, खाली लिहिलं, फेअर कॉपी पाठव म्हणजे येतो, आणि दिलं रजिस्टर्ड पोस्टानं. जाणारच आहे रे मी. चांदीचे वाळे घेतलेत, धोतर इस्त्री करून ठेवलंय. कॉपी हातात पडली की दुपारच्या मोटारीनं निघायचं. आज बुधवार ना? मग तीच आणली असशील तू — हा सापडला चष्मा. दे.

हे तर माझंच अक्षर आहे. माझंच पाकीट. चिकटवलं होतं तसंच — उघडणं सोड, घेतलंसुद्धा नाही तिनं. मले वाटलं, पोरगी निदान...

कुठं करायची सही? इथं? घे.

रिफूज म्हणत होतास ना तू मघापासून? बरोबर म्हणत होतास. जा आता. दार लोटून घे.