कशाला हात लावायचा नाही

हॅलो?… हॅलो, बोल गं… अगं येतंय ऐकू, ओरडू नकोस. कामावर आहे मी… नाही नाही, ठेवू नकोस. पोरं यायला अजून अर्धा तास आहे. कानाला फोन, हातात फडकं, चाललंय आपलं. बोल.

…हो, तीच लहान मुलांची शाळा. लादी झाली, आता खेळणी पुसतेय, एकेक करून… हसू नकोस, खरंच एकेक. तुझं घर मी कधी इतकं पुसलं नाही.

ते राहू दे. नव्या शाळेची यादी लागली ना आज? माझ्या ठकीचं नाव आलं?

…मला जेवण काय विचारतेस? तू अशी गोड बोलायला लागलीस की काहीतरी बिनसलेलं असतं. सरळ सांग.

…नाही आलं.

…बरं… नीट बघितलंस का? खालपासून वरपर्यंत?… हो, हो, तुला वाचता येतं, माहीत आहे मला. मी आपलं विचारलं… वीसच्या वीस नावं बघितलीस. बरं.

रडू नकोस. तू तिथे रडलीस तर मी इथे काय करू?… पुढच्या वर्षी नाही गं जमणार. तेव्हा पाच पुरी होतात तिला. ती नव्या शाळेची माणसं चार वर्षांचीच मुलं घेतात… पाया पडून काही होत नाही तिथे. मग काय, पहिलीत जाईपर्यंत तीच पत्र्याची बालवाडी. सत्तर पोरं आणि एक बाई. ती तरी काय करेल बिचारी? वजनं तिनेच करायची, लसीच्या याद्या तिनेच, जेवण तिनेच वाढायचं. शिकवेल कधी, झोपेत?… आज उघडलीच नाही? कालही नाही?

…इथे परदेशात बघ गं, एका खोलीत अठरा पोरं आणि तीन शिक्षिका. हात धुवायचं बेसिन माझ्या गुडघ्याएवढं. प्रत्येकाच्या कोटाला वेगळी खुंटी… हो, नेहमी सांगते मी हे. दुसरं काय आहे माझ्याकडे सांगायला?

पण का नाही घेतलं? काही तर म्हणाले असतील… कागद दिलाय? मग वाच की. सावकाश… ‘मुलीला वस्तूंमध्ये रस नाही.’ कुणाला, ठकीला? चमचा आणि डबा दिला तर दिवस काढते ती… पुढे वाच… ‘खेळायला सांगूनही पाऊण तास नुसती बसून. कुतूहल कमी. शिकण्यास अजून तयार नाही.’

…थांब. थांब जरा. तिथे झालं काय, पहिल्यापासून सांग… चटई. चटईवर खेळणी मांडलेली… समोर खुर्च्यांवर तीन बायका, हातात वह्या… बरं. ‘खेळ बाळ’ म्हणाल्या… आणि ही?

…हात मागे धरून बसली.

…पूर्ण पाऊण तास? एकदाही नाही?

अगं मग तू तिला सांगायचंस ना, की… हो. हो, आठवतंय… हो, मीच. मीच म्हणाले होते, नाकारत नाही मी. आदल्या दिवशी फोनवर तीनदा घोकून घेतलं तिच्याकडून. कशाला हात लावायचा नाही. लाव म्हणाले तरी लावायचा नाही, ती माणसं तेच बघत असतात. असंच म्हणाले मी.

…मला काय माहीत गं? मी जे रोज बघते तेच सांगितलं. इथे प्रत्येक फळीवर फोटो चिकटवलाय, कुठली वस्तू कुठे, तोंड कुठल्या बाजूला. पुसायची आणि तशीच्या तशी ठेवायची. पहिल्याच महिन्यात लाकडाचं घर पडलं माझ्या हातून, छप्पर निघालं. सुपरवायझरने सगळ्यांसमोर अशी हजेरी घेतली माझी, की दोन दिवस घास गेला नाही. मला वाटलं, असली शाळा म्हणजे अशीच असणार. जो कशाला हात लावत नाही, तो शहाणा.

…पोरं? पोरं मी बघतच नाही. ती यायच्या आत मागच्या दाराने निघायचं असतं. दोन वर्षं झाली, एका पोराचं तोंड… थांब. एकदा बघितलं. गेल्या महिन्यात, काम लांबलं होतं तेव्हा. एक पोरगा आला आणि अंगातला कोटही न काढता त्याने अख्खी पेटी पालथी केली. मी पुसून ठेवलेलं सगळं खोलीभर. आणि त्याची शिक्षिका शेजारी मांडी घालून, हसत हसत वहीत लिहीत होती. मी मनात म्हटलं, काय शेफारलेलं कार्टं आहे. आणि ही बाई तरी कसली, दोन रट्टे द्यायचे सोडून लिहीत बसलीय.

…हो ना… हो ना गं. पोराला कुतूहल आहे, तेच लिहीत होती ती.

…नाही, तुझी काही चूक नाही. मी सांगितलं ते तू केलंस. तिनेही तेच केलं. पोरीच्या तोंडचा घास मीच काढून घेतला, आई असून… नको, समजूत घालू नकोस माझी.

कुठे आहे ती?… तिथेच? सगळं ऐकलं तिने?… दे तिच्याकडे… अगं नाही रागावत. दे.

ठके?… हो, आई बोलतेय… जेवलीस का?… बरं. काय काय होतं गं त्या चटईवर?… लाल गाडी… गाडीला शिडी पण होती? आणि ती वर जाते? तुला कसं कळलं?… दोरी दिसली. दोरी ओढली की जात असेल, असं वाटलं तुला… आत माणसं. पाच. एकाच्या डोक्यावर टोपी नाही… हरवली असेल गं त्याची. पेटीत शोधायला हवी होती, हो… आणि शिडीला किती पायऱ्या? नऊ. बसल्या जागेवरून मोजल्यास.

…काय म्हणालीस? पुन्हा बोल, कळलं नाही… बघितलंस म्हणून?

…नाही गं सोन्या. गाडीकडे बघितलंस म्हणून नाही नाव गाळलं त्यांनी… कोण म्हणालं तसं? मावशी?… तूच ठरवलंस… नाही, पुढच्या वेळी डोळे मिटून नाही बसायचं. तसं कुणी सांगितलं तुला… रडू नको बाळा. ऐक, आई काय सांगते ते नीट ऐक. तुझं काही चुकलं नाही, माझं… हॅलो?… ठके?… हॅलो, ऐकू येतंय का?… हॅलो?