ऑटिसची फुली

हॅलो?

हो, मीच… लिओला. माझ्या घरात दुसरं कोण उचलणार?… अगं, व्हर्नेल! शिकागोहून, आणि एवढ्या दुपारी? कामावर नाही गेलीस?

लवकर सोडलं होय. बरं.

नाही गं, ठीक आहे मी. पाय सुजलेत एवढंच. सकाळपासून उभी होते ना, पेंडीच्या दुकानाबाहेर. मतपेटी तिथेच ठेवलीय. येईल त्याला सांगत होते… आपल्या पक्षाच्या गरुडाखाली फुली, गरुडाखाली फुली… घसा बसलाय. ऐकू येतंय ना?

नाही… माझं मत अजून नाही टाकलं.

नाही टाकलं म्हणते ना! सहाला दार बंद होतं, आत्ता साडेचार झालेत. चर्चचे डीकन होझिया बाहेर गाडी घेऊन थांबलेत. लोकांना मतदानाला नेतायत, ही त्यांची शेवटची फेरी.

थांब जरा… कोण आहे लाइनवर?… मिस ट्रूडी, फोन ठेवा तो. माझ्या मुलीचा आहे, तुमचा नाही… हं, ठेवला. नाही, कुठला ठेवतेय, श्वास येतोय कानात. पाच घरांना एक लाइन दिली की असंच. असू दे. बोल तू.

हो, आठवतंय.

आठवतंय गं, व्हर्नेल! तू कशाला आठवण करून देतेस? फेब्रुवारीत तुझ्या ल्युशसच्या शवपेटीपाशी उभी राहून मीच म्हटलं होतं… ज्या लोकांनी माझ्या नातवाला त्या युद्धात धाडलं, त्यांच्यातल्या एकालाही माझं मत नाही. राष्ट्राध्यक्षपदाला उभा आहे त्या हम्फ्रीलाही नाही. शब्द माझेच आहेत.

तेच सांगतेय… अगं ऐक ना.

आधी ऐकून घे. मग ओरड हवं तेवढं.

आज दुपारपर्यंत माझं तसंच ठरलं होतं. नमुन्याची मतपत्रिका अजून पडलीय इथे टेबलावर, पेन्सिलीसकट. गरुडाखाली गोल असतो ना, त्या गोलात फुली मारायची नाही. तिथे मारली की रकान्यातल्या सगळ्यांना एकदम मत जातं, अगदी वरच्या हम्फ्रीपासून. खाली एकेका नावापुढे मारायची. शाळामंडळासाठी व्हायोला क्रेन्शॉ… हो, तीच, बायकांचे केस करते ती. तिच्याच दुकानाच्या मागच्या खोलीत शिकले ना मी अक्षरं, एकसष्टाव्या वर्षी. तिला द्यायचं, आपल्या आणखी दोघांना द्यायचं, आणि राष्ट्राध्यक्षाची जागा कोरी सोडायची. मला वाचता येतं म्हणून मला तेवढी मोकळीक. ज्यांना येत नाही ते गोलात एक फुली मारतात आणि घरी जातात.

हो, मग तसंच कर म्हणतेस… कळलं मला. पण आज दुपारी ऑटिस आला.

ऑटिस गं! करवतीच्या गिरणीमागे राहतो तो. तू लहान असताना तुला उसाची कांडकी सोलून द्यायचा… हो, तोच. आहे अजून. त्र्याऐंशी पूर्ण झाली.

तुला माहीत नाही, तू तेव्हा तिकडे गेली होतीस. मतदारयादीत नाव लावायला सहा वेळा कोर्टाच्या पायऱ्या चढला तो. दर वेळी वाचायला कागद पुढे करायचे आणि म्हणायचे, येत नाही ना, मग जा. एकदा परत आला तर त्याच्या मालकाने झोपडीतलं सगळं सामान रस्त्यावर टाकलेलं. बायको त्या सामानाशेजारी बसलेली, मांडीवर घड्याळ घेऊन. तरी पुन्हा गेला. असा माणूस.

आज आतून बाहेर आला तो हसत. तोंडात दात नाहीत, तरी पूर्ण हसला. मला बघून टोपी काढली. म्हणाला, ‘लिओला, मारली बघ. कोंबड्याखाली. तू शिकवलीस तश्शी.’

हो.

कोंबड्याखाली, व्हर्नेल.

कोणी शिकवलं म्हणजे? मीच! सहासष्टच्या निवडणुकीत मीच शिकवलं नव्हतं का? तेव्हा डेमोक्रॅट म्हणजे कोंबडा. चर्चच्या फळ्यावर खडूने कोंबडा काढून दाखवायचे मी. लोक हसायचे, म्हणायचे, लिओला, ही कोंबडी आहे… तर तो कोंबडा यंदा वॉलेसकडे गेला. शाळेच्या दारात आडवा उभा राहिला होता तो, आपली मुलं आत जाऊ नयेत म्हणून, तोच. तुमच्या शिकागोत डेमोक्रॅटखाली हम्फ्री असेल. इथे अलाबामात नाही. इथे हम्फ्री हवा तर आपल्या लोकांनी काढलेला नवा पक्ष, तो गरुडवाला. दोन महिने घसा फोडून मी हेच सांगत फिरले. पण ऑटिसला ऐकू कमी येतं, आणि पहिल्यांदा शिकलेलं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

नाही मिळत. पेटीत टाकायच्या आधी दुसरा कागद मागता येतो. टाकल्यावर नाही.

नाही सांगितलं त्याला.

कसं सांगणार गं? त्याने मला काय विचारलं माहितेय? ‘हम्फ्री येईल ना?’ मी म्हटलं, येईल, ऑटिसभाऊ. मग डीकनच्या गाडीत पुढे बसला. काच खाली करून बसला, सगळ्यांना दिसावं म्हणून.

…

हो, समजतंय मला. एका मताने काही होत नाही. इथे वॉलेसच येणार, आंधळ्यालाही दिसतंय ते. हम्फ्रीला जिंकवायला नाही जात मी.

मग कशाला म्हणजे… त्या माणसाने सहा हेलपाटे घातले, त्याचं आयुष्यातलं राष्ट्राध्यक्षाचं पहिलं मत, आणि ते माझ्या शिकवण्यामुळे भलत्याच्याच नावावर गेलं. आता त्याला ते परत मिळणार नाही. माझ्या हातात एक कागद आहे. तो त्याला द्यावासा वाटतो. एवढंच आहे बघ.

हो… हो… ल्युशस. त्याचं नाव घ्यायचा तुला हक्क आहे. ओरड.

…

हो. त्याच्या गणवेशाच्या टोपीवर गरुड, बटणांवर गरुड. त्याच्या गळ्यापाशी निसटलेलं बटण मीच लावलं ना पेटीत? तुझे हात चालत नव्हते. तोच पक्षी आहे, हो. या दोन महिन्यांत ज्याला ज्याला तो पक्षी दाखवला, त्या प्रत्येक वेळी मला ते बटणच दिसलं. तुला काय वाटतं, दिसत नव्हतं?

निक्सन?… थांबवतो म्हणतो युद्ध. कसं थांबवणार ते सांगत नाही. तुला पटत असेल तर तू दे त्याला. मी अडवत नाही.

हो, गेल्या गुरुवारी बॉम्ब टाकणं थांबवलं म्हणतात. नऊ महिने उशिरा. मान्य आहे मला, व्हर्नेल, सगळं मान्य आहे.

नाही. हे मात्र नको. ल्युशसने काय केलं असतं ते तू मला सांगू नकोस, मी तुला सांगत नाही. गेल्या महिन्यात एकवीस पूर्ण झाली असती, आज त्याचंही पहिलं मत असतं. कुणाला दिलं असतं ते त्याने कुठे लिहिलंय? त्याची सगळी पत्रं मी स्वतः वाचली, शब्दावर बोट ठेवून. त्यात ना हम्फ्री, ना निक्सन. मक्याच्या भाकरीची आठवण आहे, पावसात कुजलेले मोजे आहेत. आणि एकात आहे, ‘आजी, मतदानाला लवकर जा, रांग लागेल.’ बस्स.

…

रडतेयस का?… बरं, नाही रडत.

खोटं? हो, बोलता आलं असतं की. आत पडद्याआड कोण बघतंय? कोरं ठेवलं म्हणाले असते, तू खूश, मी इथे एकटी. पण शब्द तुझ्यासमोर दिला होता. मोडायचा तर तुला सांगूनच मोडेन. गाडीत बसायला निघालेच होते, तेवढ्यात तुझा फोन आला.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला?

नाही येणार… हं.

छोट्या नातीलाही नाही पाठवणार.

नाही गं, काही म्हणत नाही मी. काय म्हणणार? रताळी आणून ठेवलीत, ती शेजारी देईन… रागाने नाही बोलत. खरंच देईन.

ऐक, तू गेलीस का मत द्यायला?… का नाही?… तुला दोन चौक चालायचंय फक्त. तिथे तुला कोणी कागद वाच म्हणत नाही, सामान रस्त्यावर टाकत नाही. जा. कुणालाही दे. माझ्यावरच्या रागाने दे. पण घरात बसून राहू नको, पोरी. सहाला तुमचंही बंद होतं.

मिस ट्रूडी, आहात ना अजून? मग नीट ऐका. लिओला टर्नर गरुडाखाली फुली मारणार आहे. दुकानात सांगायचं असेल तर आडनावासकट सांगा, म्हणजे लोकांचा घोळ व्हायला नको.

हं… ठेवला तिने. या वेळी खरंच ठेवला.

व्हर्नेल?… तू आहेस ना?

माफ कर म्हणत नाही मी. म्हटलं तर तेही खोटंच होईल. एवढंच म्हणते, की त्याचं… ल्युशसचं… हॅलो?

हॅलो?… व्हर्नेल?

…

आले, डीकन, आले. हो, तिचाच होता… नाही, संपलं नव्हतं बोलणं. तिने ठेवला.

काय?… चष्मा? राहू द्या तिथेच, टेबलावर. आज मला नावं वाचायची नाहीत. गोलात एक फुली मारायला चष्मा लागत नाही.