ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर

मुंबई सोडून अहमदपूरला कसं करमतं, असं विचारता ना? मग ऐका. बारा वर्षं मी मालिकांमध्ये डॉक्टर होतो. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर यायचं आणि मान खाली घालून म्हणायचं, "सॉरी, आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही." पुढं मालिका दोन-तीन महिन्यांतच बंद पडायला लागल्या. फोन येईनात, तसा मी गावी परतलो.

परवा एका मेडिकल दुकानात नोकरीचं विचारायला लातूरला निघालो होतो. एसटीत शेजारच्या मावशी सारख्या माझ्याकडं बघून राहिल्या होत्या.

"तुम्ही टीव्हीतले डॉक्टर न्हाईत का? समद्यांना मारणारे?"

"हाव मावशी. पण ते काम आता बंद झालं."

त्यांचा चेहराच उतरला. "आमच्या मालकाचं आज हार्टचं ऑपरेशन हाय. आन् आजच तुम्ही दिसलाव."

वाटेत चाकूर आलं तसं त्या म्हणाल्या, "एकदा म्हना की, पेशंट वाचला म्हनून."

मी म्हणालो. पण मनाला चैन पडेना. लातूरला उतरल्यावर दुकानाकडं न जाता त्यांच्यासोबत दवाखान्यात गेलो.

तीन तासांनी दार उघडलं. खरे डॉक्टर मास्क काढत आमच्याकडं आले, आणि मीच मान खाली घातली.

"ऑपरेशन चांगलं झालं," ते म्हणाले.

मावशींनी हात जोडले. मी भिंतीला टेकून रडून राहिलो होतो.

मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "उगी, डॉक्टरसाहेब. वाचले की आपले!"